शांत कोठड्यांचे राज्य

त्या राज्यात मरणाला मरण म्हणत नसत. कुणी गेले की 'शांत झाले' म्हणायचे. गलका थांबला तरी 'शांत झाले'च म्हणायचे. एकाच शब्दावर दोन्ही कामे भागत होती आणि त्यामुळे कुणाचे काही अडले आहे असे कित्येक पिढ्यांत कुणाला वाटले नव्हते.

राज्य मधमाश्यांचे होते, एका जुन्या झाडाच्या ढोलीत. पोळी मधाने जड झालेली, दारावर पहारा, सगळे जिथल्या तिथे. तरीही एक शत्रू आत यायचा. तो इतका बारीक होता की परतणाऱ्या माशीच्या पंखांच्या वाऱ्याबरोबर शिरायचा, आणि कुणाबरोबर शिरला हे त्या माशीलाही कळायचे नाही. त्याचे नाव घ्यायची रीत नव्हती. माणसे सापाला 'लांबडे' म्हणतात, तसे हे त्याला 'पाहुणा' म्हणत. पाहुण्याच्या कवचावर मेणाचा थर होता, नांगी त्याच्यावरून घसरायची. एकदा मोठा झाला की तो मध नासवायचा, पोळे आतून पोखरायचा आणि अर्धे राज्य रिकामे करून पुढच्या झाडाकडे जायचा.

मारता येत नाही तर कोंडावा, ही युक्ती पूर्वजांची. पाहुणा दिसला की काही जणींनी त्याला भिंतीच्या कोपऱ्यात रेटायचे आणि बाकीच्यांनी झाडाची राळ आणून त्याच्याभोवती कोठडी उभी करायची. मग शेक सुरू व्हायचा. शेकणाऱ्या माश्या कोठडीला बिलगून अंग थरथरवायच्या आणि त्या थरथरीची धग राळेतून आत जायची. औषध हे एवढेच होते, आणि ते देणारीच्याच जिवावर यायचे. पंख करपायचे, भूक मरायची, डोळ्यांसमोर अंधारी यायची. म्हणून आतली करकर थांबली की पहारेकरीण दरबारात जाऊन 'शांत झालं' असे सांगायची आणि शेकणाऱ्या सुटलो बाई म्हणत फुलांकडे पळायच्या. बाहेर फुलोरा असताना भिंत कवटाळून कोण बसेल?

रुंजी अशाच एका कोठडीची पहारेकरीण होती. पहाऱ्यावर यायच्या आधी ती दाई होती. पिल्लांना भरवण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते आणि ती सवय तिच्या अंगात मुरलेली होती. राज्याची रीतही त्याच वळणाची. कुणी आपल्या मिशीला मिशी लावली की त्याला घास द्यायचा, नावगाव विचारायचे नाही. या एका रीतीवर सगळे राज्य उभे होते. तिचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

रुंजीच्या कोठडीत राळ भरताना केसाएवढे एक छिद्र राहून गेले होते. शेक चालू होता तोवर आत करकर होती. मग एके दिवशी करकर मंदावली आणि त्या छिद्रातून एक बारीक मिशी बाहेर आली. तिने रुंजीची मिशी चाचपली, अगदी भुकेले पिल्लू चाचपते तशी, हलकेच आणि अधीरपणे. रुंजीच्या तोंडून मधाचा थेंब केव्हा सुटला ते तिचे तिला कळले नाही. मिशी आत गेली. त्यानंतर करकर ऐकू आली नाही. शेकणाऱ्यांनी भिंतीला कान लावला, वाट पाहिली, पुन्हा कान लावला आणि म्हणाल्या, "शांत झालं गं बाई!" रुंजी दरबारात गेली आणि तिनेही तेच सांगितले.

शब्द खोटा नव्हता. पण मिशी दुसऱ्या दिवशीही आली, आणि नंतर रोज येत राहिली.

एकदा रुंजीने मनाचा हिय्या करून छिद्रात मेण भरले. काही वेळ गेला आणि आत पुन्हा करकर सुरू झाली, आधी दबकत, मग चांगली ठसठशीत. ही करकर कुणी ऐकली तर विचारतील, इतके दिवस काय झोपली होतीस? तिने घाईघाईने मेण उकरले आणि थेंब दिला. करकर थांबली. कोठडी शांत होती ती आतल्याचे पोट भरलेले होते म्हणून, हे तिला तेव्हा उमगले. त्या दिवसापासून तिला धड झोप लागेना आणि खाल्लेले अंगी लागेना.

सांगायचे तर कुणाला? पिंजर नावाची एक पहारेकरीण होती. पाहुण्याची मिशी माझ्या मिशीला लागली, असे ती एकदा भर दरबारात बोलून गेली. विटाळ झाला म्हणून तिला त्याच पावली दाराबाहेर काढले. ती खोडाच्या सालीला धरून बसून राहिली. फुलांवरून परतणाऱ्या माश्या, त्यात तिच्या सख्ख्या बहिणीही होत्या, तिच्या अंगावरून तोंड फिरवून आत गेल्या. मग एके सकाळी सालीवर कुणी नव्हते. ती शांत झाली असे सगळ्यांनी म्हटले. या वेळी त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

रुंजीला मोहर नावाची धाकटी बहीण होती. रुंजीनेच तिला भरवून मोठे केले होते आणि आता ती स्वतः दाई झाली होती. पूर्वी दोघी भेटल्या की आधी मिशीला मिशी लागायची, मग बोलणे. पण छिद्रातल्या त्या स्पर्शानंतर रुंजीने मोहरला एकदाही जवळ येऊ दिले नव्हते. काही ना काही निमित्त काढून ती हातभर लांब राहायची.

"ताई, माझं काही चुकलं का?" मोहर विचारायची.

"नाही गं. दमलेय मी."

"दमलेलं कुणी बहिणीला बिलगतं. तू पळतेस."

आपण हिला दुखवतो आहोत हे रुंजीला कळायचे. पण न दुखवण्याचा दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता.

त्या वर्षी फुलोरा उतू गेला आणि राणीने कधी नव्हे इतकी अंडी घातली. पिल्लांना जागा पुरेना. राज्याचा कारभार नेटकी नावाच्या माशीकडे होता. कामाला वाघ, नीटनेटकी, आणि रिकामी जागा दिसली की तिच्या जिवाला स्वस्थता नसायची. तिने ढोलीभर फिरून पाहिले आणि जुन्या कोठड्यांच्या बाजूची भिंत हेरली. "इतकी जागा, इतकी ऊब, आणि सगळं शांत! पिल्लं इकडे आणा." फक्त रिवाज म्हणून पहारेकरणींनी राणीसमोर एकेक करून ग्वाही द्यायची, की लगेच पिल्ले हलवायची.

मोहर ही बातमी सांगायला धावतच आली. "ताई, तुझ्या कोठडीलाच लागून आमची आळी! आता बघतेच कशी पळतेस ते!"

रुंजी हसली. हसताना तिला छिद्राजवळ काहीतरी हललेले जाणवले.

त्याच दिवशी पारखी तिथे आली. पारखी ही राज्यातली शिकलेली माशी. एक पंख फाटका, जीभ तिखट, आणि पाहुण्यांच्या मागे हात धुऊन लागलेली. पाहुणा जवळ येऊ नये म्हणून पूर्वी तिने मेलेल्या पाहुण्याच्या कवचाची भुकटी करून सगळ्यांना चाटवली होती. लहानांना ती बऱ्यापैकी मानवली, मोठ्यांना तिचा काही उपयोग झाला नाही, आणि तेव्हापासून दरबारात ती तोंड उघडायच्या आतच हसू फुटायचे. तिलाही ते माहीत होते. त्यामुळे ती हल्ली दरबारापेक्षा भिंतींशीच जास्त बोलायची.

"ही कोठडी जुनी दिसते," पारखी म्हणाली.

"हो. शांत आहे," रुंजी म्हणाली.

"शांत म्हणजे?"

रुंजीला प्रश्न कळला नाही. "शांत म्हणजे शांत."

"ते झालंच. पण बोलत नाही म्हणून शांत, की जगत नाही म्हणून शांत?"

असा प्रश्न त्या भाषेत कुणी कधी विचारला नव्हता. पारखीने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने आपला एक पाय भिंतीवर दाबला, जरा वेळ तसाच ठेवला आणि सावकाश उचलला. पायाबरोबर राळ वर आली. पाकाची तार बघावी तशी ती उजेडात धरून पारखीने पाहिली.

"आतला जीव गेला की राळ वाळते, पापडासारखी कडकडीत होते. आत श्वास असला तर त्या दमटपणानं ती मऊ राहते, तार धरते. आवाजावर जाऊ नये. आवाज न करणारे पाहुणेच जास्त." मग तिची नजर छिद्रावर गेली. छिद्राच्या कडा घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या. तिने रुंजीकडे पाहिले, मग पुन्हा छिद्राकडे.

रुंजीला वाटले, संपले सगळे.

"भरवतेस होय," पारखी म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे रुंजीला रडूच कोसळले.

"मी मुद्दाम नाही हो... तो पिल्लासारखा मागतो."

"ठाऊक आहे. आजवर जितक्या भिंतींना तार आली तिथली प्रत्येक पहारेकरीण मायाळू. खडूस पहारेकरणींच्या कोठड्या तेवढ्या वाळल्यात." ती स्वतःशीच हसली आणि लगेच गंभीर झाली. "तो आपल्यातला होऊन राहतो. बाहेर आपण पहारा देतो, आत तो आपलंच खातो. आता इथे पिल्लं आणली तर तो झोपायचा नाही. कोवळ्या जिवांचा वास आला की भिंत फोडायला त्याला वेळ लागत नाही."

"मग शेक पुन्हा सुरू करू या! मी एकटी करते."

"एकटीचा शेक म्हणजे त्याला तालीम. पलीकडच्या झाडावर हेच झालं. जरा शेकायचं, आवाज थांबला की सोडायचं. प्रत्येक वेळी त्याचं कवच जाड होत गेलं. शेवटी धगीत तो आरामात अंग शेकत बसायला लागला. आज त्या झाडात कुणी नाही." पारखीने पाय पुसला. "मी नवी रीत काढलीय. कडू झाडाची राळ मिसळून भिंत लिंपायची आणि धग दोन्हीकडून द्यायची. वेळही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागतो. पण तार येते आहे तोवर हटायचं नाही, आवाज असो नसो. त्याला सगळं राज्य लागेल, आणि सगळ्या राज्याला दरबाराचा हुकूम."

"तुम्ही सांगा दरबारात."

"मी तोंड उघडलं की त्यांना भुकटी आठवते. आतला जिवंत आहे हे पहारेकरणीनंच सांगायला हवं." तिने फाटका पंख सावरला. "तू बोललीस तर तुला बाहेर काढतील. खोटं कशाला सांगू? तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. तुझं तू ठरव."

रुंजीला वाटत होते, दुसऱ्या कुणीतरी हे ठरवावे. तिने मोहरच्या पिल्लांचा विचार केला, मग पिंजरचा, मग पुन्हा पिल्लांचा. भिंतीतून मिशी बाहेर आली होती आणि हवेत चाचपत होती. त्या दिवशी पहिल्यांदा रुंजीने लगेच घास दिला नाही आणि ती करकर ऐकत उभी राहिली.

दरबार राणीच्या दालनात भरला. दालनाची मागची भिंत राज्यातली सगळ्यांत जुनी. राज्यात शिरलेला पहिला पाहुणा त्याच भिंतीत कोंडला होता, असे सांगत. पिल्लांना पंख फुटले की आधी त्या भिंतीच्या पाया पडायला आणत. राणी तिला टेकून बसली होती. अंडी घालून घालून ती थकली होती आणि हा रिवाज एकदाचा उरकावा असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

नेटकीने सुरुवात केली. "तुझी कोठडी?"

"शांत."

"तुझी?"

"शांत."

रुंजी ऐकत होती. एकीचा आवाज जरा कापला, एकीने डोळे खाली घातले, एक नको इतक्या जोरात बोलली. या सगळ्याच भरवतात की काय? आता तिची पाळी होती.

"तुझी?"

"शांत आहे," रुंजी म्हणाली. नेटकी पुढे सरकली, तेवढ्यात रुंजीने पुढचे वाक्य कसेबसे बाहेर ढकलले. "पण मेलेला नाही."

तो शब्द दरबारात कुणी उच्चारला नव्हता. लहान पिल्लाने शिवी द्यावी आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहावे, तसे झाले.

"मी त्याला भरवते," रुंजी म्हणाली. आता थांबता येत नव्हते. "तो मिशी लावतो, मी घास देते. म्हणून तो गप्प आहे. पिल्लं तिकडे नेऊ नका. भिंतीला तार येते. पारखीबाईंना विचारा, त्यांच्याकडे उपाय आहे. सगळ्यांनी मिळून शेकलं तर होईल. मला काय करायचं ते करा, पण पिल्लं नेऊ नका."

तिच्या डाव्या उजव्या बाजूच्या पहारेकरणी बाजूला सरल्या. बघता बघता तिच्याभोवती मोकळे रिंगण पडले. सगळ्यांत आधी सरकली ती मघाशी नको इतक्या जोरात बोललेली.

"बाहेर काढा हिला!" नेटकी ओरडली. दोन दारवानणींनी रुंजीचे पंख धरले. धरतानाही त्यांनी आपल्या मिशा मागे, पाठीवर दुमडून घेतल्या होत्या.

पारखी पुढे आली. "काढायचं तर काढा. पण आधी भिंतीवर पाय दाबून बघा. तार खोटं बोलत नाही."

"उन्हाळा आहे, राळ पाघळणारच."

"मग ती सगळ्याच भिंतींची पाघळायला हवी. काही भिंती कडकडीत कशा?"

"आधी भुकटी, आता तार!" नेटकी म्हणाली आणि हसू पसरले. "तुमचं ऐकत बसलं तर उद्या म्हणाल, राणीसाहेबांच्या पाठीमागची भिंतसुद्धा जिवंत आहे!" आता मोठ्याने हशा झाला. भ्यालेल्यांचा हशा होता तो, चटकन थांबेना.

रुंजीला ओढत दाराकडे नेऊ लागले. वाटेत दाया उभ्या होत्या, त्यात मोहर होती. ती एकटीच मागे सरली नव्हती.

"म्हणून मिशी लावत नव्हतीस?" मोहरने विचारले.

रुंजीने मान हलवली.

"आणि मी रुसून बसले होते," मोहर म्हणाली. तिने आपली मिशी पुढे केली. रुंजीने घाबरून तोंड फिरवले. दारवानणींनी तिला पुढे खेचले.

दालनात गडबड वाढली होती. कुणी पिल्ले हलवा म्हणत होते, कुणी नको म्हणत होते, नेटकीचा आवाज कुणाला ऐकू जाईना. शेवटी राणी उठली तशा सगळ्या गप्प झाल्या. राणी क्वचित बोलायची.

"घाबरण्यासारखं काही झालेलं नाही," राणी म्हणाली. तिने वळून मागच्या जुन्या भिंतीवर आपला पाय ठेवला, शपथ घेताना ठेवतात तसा, दाबून. "ही भिंत आमच्या खापरपणजीच्याही आधीची. हिच्या साक्षीनं आम्ही सांगतो, आपलं राज्य सुखरूप आहे. पिल्लांना कसलीही..."

बोलता बोलता ती पाय उचलू गेली.

पाय सुटला नाही. राणीने जरा जोर केला तेव्हा तो भिंतीपासून वेगळा झाला, पण त्याच्याबरोबर राळेची एक सोनेरी तार निघाली. राणी एक पाऊल मागे आली आणि तार लांबली. ती आणखी मागे आली. तार आणखी लांबली, बारीक झाली, मधोमध झुलू लागली, पण तुटली नाही. राणीचे वाक्य अर्धेच राहिले होते. नेटकी तारेकडे बघत होती. पारखी मात्र तिकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटून घेतले होते.

रुंजी दाराच्या उंबऱ्यावर होती. बाहेरचे ऊन तिच्या तोंडावर आले होते. पंखांवरची पकड सैल झाल्याचे तिला जाणवले, आणि तिने मान वळवून पाहिले. तिला धरणारी दारवानीण तिच्याकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती आणि जिथे उभी होती तिथल्या जुन्या राळेवरून आपला एक पाय हळूहळू उचलत होती, शेजारणीला दिसू नये अशा बेताने. शेजारीण मुद्दाम दुसरीकडे बघत होती. तिचाही एक पाय उचललेला होता.